सूडाचा दुसरा भाग

सूडकथा सांगणाऱ्याला पहिला भाग जवळजवळ फुकट मिळतो. अन्याय झालेला असतो, करणारा माजलेला असतो आणि ज्याने हत्यार उचलायचे तो पुरेसा सोसून बसलेला असतो. तमाशाच्या कनातीत मांडी घालून बसलेला माणूस असो, कादंबरीचा वाचक असो की हातात कंट्रोलर धरलेला कॉलेजातला पोरगा, सगळे आधीच एका बाजूचे झालेले असतात. वार पडला की टाळी पडते. पंचाईत होते ती टाळी विरल्यावर. मेलेल्यालाही भाऊ असतो, बाप असतो, भावकी असते आणि त्यांच्या घरी हीच कथा उलट्या बाजूने सुरू होते. पुढच्या पानांवर वाळवा तालुक्यातल्या, म्हणजे इस्लामपूरच्या आसपासच्या, सूडाच्या आणि फरारींच्या कथांशेजारी जपानात घडवलेला एक व्हिडिओ गेम येऊन बसला आहे तो या पंचाइतीपायी. सूडकथेचा कस तिच्या दुसऱ्या भागात लागतो, असे माझे म्हणणे आहे. दुसरा भाग म्हटले की धंद्यासाठी ओढून ताणून लावलेले शेपूट, अशी आपली समजूत असते आणि पुष्कळदा ती बरोबरही असते. पण सूड हा एकच विषय असा आहे की तिथे पहिला भाग अर्धे खोटे बोलतो आणि उरलेले अर्धे सांगायला दुसरा यावाच लागतो.

आधी त्या गेमविषयी, कारण प्रस्तुत वाचकांपैकी बहुतेकांना फकिरा ठाऊक असेल, ट्रॅव्हिस टचडाऊन नसेल. टोकियोतल्या ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर या कंपनीने २००७ साली निंटेंडोच्या वी या यंत्रासाठी ‘नो मोअर हीरोज’ काढला. कल्पना गोइची सुदा यांची. ते ‘सुदा फिफ्टीवन’ या नावाने ओळखले जातात. सांता डिस्ट्रॉय नावाच्या कल्पित अमेरिकन गावात राहणारा, कार्टून आणि कुस्तीच्या नादाने वेडा झालेला ट्रॅव्हिस इंटरनेटवरच्या लिलावात एक प्रकाशाची तलवार जिंकतो आणि मारेकऱ्यांच्या क्रमवारीत एकेकाला संपवत पहिल्या नंबरावर जातो. रंग भडक, रक्ताचे कारंजे, विनोद बरेचसे ओंगळ. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत दुसरा भाग आला, ‘डेस्परेट स्ट्रगल’. दिग्दर्शन नोबुताका इचिकी यांचे. तीन वर्षे गेली आहेत आणि ट्रॅव्हिसपुढे पहिला उभा राहतो तो एक्कावन्नाव्या क्रमांकावरचा स्केल्टर हेल्टर. हा का उभा आहे? पहिल्या भागाच्या तोंडाशीच ट्रॅव्हिसने ज्या हेल्टर स्केल्टरला मारले, तो याचा भाऊ. त्याच रात्री ट्रॅव्हिसचा मित्र, व्हिडिओचे दुकान चालवणारा बिशप, मारला जातो आणि त्याचे शिर पिशवीतून ट्रॅव्हिसच्या खिडकीतून आत येते. मग सूड आणि पुन्हा पन्नास पायऱ्यांची चढण.

इथवर नेहमीचे आहे. खरी चाल पुढे आहे. बिशपला मारवणारा जास्पर बॅट हा पिझ्झाच्या एका मोठ्या कंपनीचा वारस, आणि तो स्वतःच सूड घेत असतो. त्याच्या बापाला आणि भावांना ट्रॅव्हिसनेच मारलेले असते, पहिल्या भागात. गंमत अशी की तो पहिला भाग पुरा केलेल्या खेळणाऱ्यालाही हे खून आठवत नाहीत. क्रमवारीतल्या मोठ्या लढतींची प्रवेश फी भरायला पैसे लागायचे, ते कमवायला मधूनमधून सुपारीची किरकोळ कामे असायची. ही माणसे त्या कामांत गेली. त्यांच्या मरण्याला नाट्य नव्हते, संगीत नव्हते, पडद्यावर जमा झालेल्या रकमेचा आकडा तेवढा होता. खेळणाऱ्याने ज्यांना मजुरी समजून मारले, त्यांच्या घरचा पोरगा तीन वर्षांनी दारात येतो. कादंबरीत असा धागा जुळला तर वाचक लेखकाला दाद देतो. इथे दाद देऊन सुटका होत नाही, कारण बटण दाबणारा अंगठा खेळणाऱ्याचा होता. व्हिडिओ गेमला कथामाध्यम म्हणून काही स्वतःचे असेल, तर ते हे: विसरण्यातही तो आपल्याला भागीदार करून घेतो.

दुसरा भाग हे सगळे नीट पेलतो असे मात्र नाही. गावात मोकळे हिंडण्याची सोय त्याने काढून टाकली, कामधंद्याची जागा जुन्या आठ-बिटी खेळांसारख्या गमतींनी घेतली आणि लढतींची गर्दी एवढी वाढवली की निम्मे विरोधी चेहऱ्यानेही लक्षात राहत नाहीत. पण शेवटाकडे त्याला कंठ फुटतो. आपण अजून अवकाशातच आहोत असे समजणारा कॅप्टन व्लादिमिर नावाचा म्हातारा सोविएत अवकाशवीर मरतो, तेव्हा क्रमवारी चालवणाऱ्या संघटनेच्या माणसांना ट्रॅव्हिस प्रेताला हात लावू देत नाही. दुसऱ्या क्रमांकावरची अॅलिस त्याला विचारते की या धंद्यातून तू बाहेर कसा पडलास, आणि पडलास तर परत का आलास. तिला मारल्यावर तो चवताळतो; मारेकरी झाली म्हणून ही माणसे नव्हेत काय, हे रक्त खरे आहे, असे ओरडून क्रमवारीचा धंदाच मोडायची भाषा करतो. आणि मग? मग जाऊन बॅटला मारतोच. ती शेवटची लढत इतकी पोरकट आणि फुगवलेली आहे की आधीच्या भाषणाची लाज वाटावी. कथेला उमगले ते नायकाच्या अंगी उतरले नाही. पण ही फट लपवलेली नाही, आणि ती डोळ्यांपुढे ठेवून आपल्याकडच्या कथांकडे वळले की पुष्कळ गोष्टी स्पष्ट दिसू लागतात.

पुण्याचे उदाहरण सर्वांत ठसठशीत आहे. प्लेगच्या काळातल्या जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. ही तारीख महाराष्ट्राला पाठ आहे. १९७९ साली निघालेल्या चित्रपटाचे नावच ती तारीख आहे. त्या गोळीपायी दामोदर चाफेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. दुसऱ्या भागाची तारीख मात्र विचारून पाहावी. ८ फेब्रुवारी १८९९ ला वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी पुण्यातच द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या, कारण त्यांनी दामोदरांविषयी खबर दिली होती. त्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चाफेकर असे तिघे फाशी गेले. पहिल्या गोळीसमोर परकी सत्तेचा अधिकारी होता. दुसरीसमोर त्याच शहरातली, आपली भाषा बोलणारी दोन माणसे. देशभक्तीच्या तराजूतही या दोन घटनांचे वजन सारखे नाही, हे आपल्या सामूहिक आठवणीने न बोलता मान्य केले आहे. पहिलीचा उत्सव होतो, दुसरी तळटीपेत जाते. तीन भावांना गमावणाऱ्या चाफेकरांच्या घराचा विचार करायचा तर मात्र ही तळटीपच आधी वाचावी लागते.

इस्लामपूरजवळच्या बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांची कथा कृष्णाकाठी अजून सांगितली जाते. धनगराच्या घरचा, तालमीत घुमलेला गडी. गावातला एक दांडगा बायाबापड्यांना छळतो, कुणी तोंड उघडत नाही, आणि बापू त्याला संपवतात. हा पहिला भाग. त्याच्यावर वगनाट्ये रंगली, चित्रपट निघाला. पण बापूंचे आयुष्य त्या एका खुनात मावत नाही. पुढे सुमारे पंचवीस वर्षे ते फरारी होते, आणि त्या काळात माणसे पडत गेली; मेलेल्याच्या बाजूचे उठले, खबऱ्यांचा संशय आला, नव्या गाऱ्हाण्यांचे निवाडे दारात आले. एकदा ज्याने न्याय हातात घेतला, त्याच्याकडे लोक न्याय मागायला येतात आणि नाही म्हणायची सोय उरत नाही. पोटच्या पोरानेही मर्यादा सोडली तेव्हा बापूंनी त्यालाही सोडले नाही, असे लोक सांगतात. सांगताना आवाजात अभिमान असतो. मला त्या कथनात सर्वांत भयंकर हेच वाटते. पहिल्या खुनाला जे तत्त्व होते ते इतके निखळ निघाले की शेवटी घरात शिरले. मग अटक, जन्मठेप, सुटका, आणि उरलेली वर्षे गळ्यात तुळशीची माळ घालून लोकांना व्यसन आणि वैर सोडा म्हणून सांगण्यात गेली. जानेवारी २०१८ मध्ये इस्लामपूरच्या दवाखान्यात वयाची नव्वदी ओलांडलेले बापू वारले. वगातले बापू बंदूक घेऊन उभे असतात. माळ घातलेल्या बापूंसाठी कुणी फड लावल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक त्यांच्या चरित्राचा कठीण भाग तोच होता, आणि तो त्यांनी स्वतःच, चारचौघांत उभे राहून, सांगितला.

अण्णा भाऊ साठ्यांना ही अडचण कथाकार म्हणून आधीच कळली होती. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात, याच वाळवा तालुक्यात जन्मलेल्या या लेखकाची ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली, वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. या कादंबरीचा पहिला भाग फकिराचा नाहीच, त्याच्या बापाचा आहे. राणोजी शिगावच्या जत्रेतून तिचा मान असलेली जोगणी पळवून आणतो, गावाचा मान वाढवतो. आणि प्रथा अशी की एकदा हद्द ओलांडली की आणणाऱ्याला हात लावायचा नाही. शिगावचा खोत ती प्रथा मोडून राणोजीचे शिर घेतो. इथे अण्णा भाऊंनी अन्याय कुठे ठेवला आहे पाहा. मारामारीत मरण आले असते तर तो मान होता. नियम मोडून मारले, हा अन्याय. म्हणून पोराने पुढे काय करायचे याचे उत्तरही नियमातच शोधावे लागते. फकिरा वयात येतो, खोत समोर सापडतो, आणि फकिरा त्याचा हात मनगटापासून तोडून त्याला जिवंत सोडतो. ज्या हाताने मर्यादा मोडली तो गेला, माणूस राहिला. पुढच्या दावेदारीला एक मढे कमी पडले. मग मात्र फकिराचे हत्यार खोतावरून दुष्काळाकडे आणि इंग्रजी अंमलाकडे वळते. धान्य आणि खजिना लुटला जातो तो उपाशी माणसांसाठी. शेवटी आपल्या माणसांना ओलीस धरल्यावर तो त्यांच्यासाठी स्वतःहून साहेबापुढे उभा राहतो. सूडापासून निघालेली कादंबरी सूडाला अर्ध्या वाटेवर उतरवून पुढे जाते.

योगायोग असा की सुदांच्या पहिल्या गेममध्येही हाच हात आहे. शिनोबू नावाची शाळकरी मुलगी ट्रॅव्हिसला आपल्या बापाचा खुनी समजून चालून येते. तो तिचा हात तोडतो, जीव घेत नाही. दुसऱ्या भागात ती परत येते आणि त्याच्या बाजूने लढते. दोन लढतींत तर खेळणाऱ्यालाच शिनोबू व्हावे लागते. सुदांनी अण्णा भाऊ वाचले असतील असे सुचवायचे नाही. दोन इतक्या दूरच्या कथाकारांना सूडाच्या साखळीतून सुटण्याची एकच फट सापडावी, यावरून ती फट विषयातच आहे असे म्हणता येते: शिक्षा व्हावी, पण पुढच्या भागात बोलायला समोरचा माणूस उरावा.

आता इतिहासातला दुसरा भाग, आणि तो प्रत्यक्ष इस्लामपूरचा. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या कचेरीवर इंग्रजी अंमलाविरुद्ध मोर्चा आला. आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार होऊन माणसे पडली होती. इस्लामपुरातही गोळी चालली. विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या हुतात्मे झाले. सूडकथेला लागते ते सगळे इथे तयार होते: निःशस्त्र माणसे, गोळी झाडणारे हात, संतापलेली गावे, आणि हत्यार चालवू शकणारी तालमीतली पोरे. पुढे घडले ते काय? येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अंमलाला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. रेल्वे लुटली गेली, एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा खजिना लुटला गेला, म्हणजे हात बांधून कुणी बसले नव्हते. पण या चळवळीचे वेगळेपण तिच्या न्यायदान मंडळांत होते. गुंडगिरी, सावकारी, फितुरी, बायकांवरचा जुलूम यांचे निवाडे लोकांसमोर होऊ लागले. बापू बिरूंच्या गावात पुढे जे गाऱ्हाणे एका माणसाच्या बंदुकीशी गेले, तसलीच गाऱ्हाणी या काही वर्षांत पंचांपुढे आली होती. शिक्षा हळुवार नव्हत्या. तळपायांवर बसणाऱ्या माराची आठवण अजून पुसलेली नाही, आणि जिथे पोलीस, पंच, अंमलबजावणी सगळे एकाच बाजूचे तिथे चुका झाल्या नसतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. तरी फरक राहतोच. निवाड्याला आरोपीचे नाव घ्यावे लागते, गुन्हा सांगावा लागतो, शिक्षेला माप लागते. सूडाला यांतले काही लागत नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत वाळव्याचे किसन अहिर आणि त्यांच्याबरोबर नानकसिंग धारातीर्थी पडले. त्यांचे सहकारी नागनाथअण्णा नायकवडी वाचले. पुढे अण्णांनी वाळव्यात जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला नाव दिले हुतात्मा किसन अहिर. मित्राच्या मरणाचा दुसरा भाग असाही लिहिता येतो. बिशपच्या मरणानंतर ट्रॅव्हिसला हे सुचत नाही. त्याच्या जगात ऊस नाही, सभासद नाहीत, क्रमवारी तेवढी आहे.

या मांडणीवर तीन आक्षेप येणार हे उघड आहे. पहिला शिष्टाचाराचा: हुतात्म्यांच्या ओळीत जपानी गेमचा ओंगळ नायक बसवायचा का? ओळीत बसवलेला नाही. तुलना माणसांची नसून कथेच्या घडणीची आहे, आणि तालुक्यातल्या आजच्या पोरांना सूडाची गोष्ट वगापेक्षा मोबाइलवर जास्त भेटते, हे डोळ्याआड करून सूडकथेवर लिहिणे लबाडीचे ठरेल. दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचा: गेममध्ये कथा निमित्तमात्र असते, मजा हाताची असते. मान्य. कुस्तीतही मजा डावाची असते. पण ‘डेस्परेट स्ट्रगल’ मुद्दाम हाताच्या मजेतच कथा पेरतो. पैशासाठी मारलेल्या माणसांचा पोरगा परत आणायचा तर आधी ती माणसे मजेत मारली जावी लागतात. हाताला मजा आली नसती तर टोचणीही लागली नसती.

तिसरा आक्षेप जड आहे आणि त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. तो असा: दुसऱ्या भागाचा हिशोब मागणे ही ज्यांच्यावर जुलूम झाला नाही त्यांची चैन आहे. ज्याच्या गावात फौजदार दांडग्याच्या वाड्यावर जेवायला जातो, त्याच्यासाठी पहिला भाग हाच एकमेव न्याय असतो. त्याला भावकीची, साखळीची, मेलेल्याच्या बायकोची गोष्ट ऐकवणे म्हणजे पुन्हा एकदा गप्प बसायला सांगणे. वगातल्या टाळीमागे ही खरी भूक आहे आणि तिला नाक मुरडणारा माणूस कृष्णाकाठ समजलेला नाही. म्हणून तर मी अण्णा भाऊंचा दाखला सर्वांत पुढे ठेवतो. मांगवाड्यात जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या लेखकाइतका जुलमाचा हिशोब कुणी ठेवला असेल? त्यांना सूडाचे समाधान परके नव्हते. खोताचा हात त्यांनी तोडलाच. पण त्यांनी फकिराला तिथे थांबू दिले नाही, कारण एका खोताच्या मरणाने वाटेगावची भूक मिटणार नव्हती. दुसऱ्या भागाची मागणी वरून आलेली नाही. ती आतल्या माणसाने, सोसलेल्याने केली आहे. बापू बिरूंच्या माळेकडेही मी याच अर्थाने पाहतो, त्यामागच्या भक्तीविषयी कुणाला काही वाटो.

सुदांच्या मालिकेने पुढे स्वतःलाच आणखी एक उत्तर दिले. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’मध्ये बॅडमॅन नावाचा म्हातारा हातात बेसबॉलची बॅट घेऊन ट्रॅव्हिसच्या रानातल्या ठिकाणावर चालून येतो. पहिल्या गेममध्ये ट्रॅव्हिसने ज्या बॅड गर्लला मारले तिचा हा बाप. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, आणि त्या झटापटीत जवळचे एक विचित्र गेमयंत्र चालू होऊन दोघांना आत ओढून घेते. तिथे एक खेळाडू खेळत असेल तर तो सहसा ट्रॅव्हिस असतो. दुसरा सोबती येऊन बसला, की दुसरा कंट्रोलर ज्याच्या हाती जातो तो बॅडमॅन. मुलीचा सूड घ्यायला आलेला बाप आणि तिला मारणारा एकाच पडद्यावर, एकाच बाजूने लढत राहतात.